कुलकर्ण्याचे दप्तर आणि नवे यंत्र

१

'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी हक्क' या विषयावरील दोन परिसंवादांना गेल्या वर्षभरात मी हजर होतो. वक्ते विद्वान होते. त्यांच्या व्यासंगाविषयी मला शंका घ्यायची नाही. खाजगीपणाचा हक्क, लेखकांचे स्वामित्वहक्क, सुशिक्षितांच्या नोकऱ्यांवर येणारे गंडांतर, उद्या यंत्र माणसाहून शहाणे झाले तर काय, अशा अनेक प्रश्नांचा ऊहापोह झाला. दोन्ही ठिकाणी 'मानव' हा शब्द सतत कानावर पडत होता. पण हा मानव कोण, तो कुठल्या आळीत राहतो, त्याचे आडनाव काय, त्याच्या आईचा अंगठा रेशनच्या यंत्रावर उमटतो की नाही, हे कुणी विचारले नाही. आपल्याकडील विचारवंतांची ही जुनी खोड आहे. माणसाविषयी बोलायचे असले की ते 'मानवा'विषयी बोलतात आणि मग जातीविषयी बोलण्याची गरज उरत नाही.

माझे गाव माण तालुक्यात, माणगंगेपासून थोडे आत. नाव गंगेचे, पण वर्षातले बरेच महिने पात्रात वाळूच. पावसाने दगा दिला की माणसे बाहेर पडतात. कुणी मुंबईला, कुणी खाली साखरपट्ट्यात कोयता घेऊन. माझी आई कित्येक हंगाम कोयत्यावर गेली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. मी चढलो तो त्या कोयत्याच्या बळावर. आज मी तासिका तत्त्वावर शिकवतो आणि गावाकडचे रेशनकार्ड आईच्या नावावर आहे. कोयत्याने तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशन दुकानातल्या यंत्रावर ती अंगठा टेकवते, यंत्र थोडा वेळ घेते आणि नकार देते. मागच्या वर्षी एका महिन्यात तिने चार खेपा घातल्या. दुकानदार काही वाईट माणूस नव्हे. तो म्हणाला, "मावशे, म्या काय करू? मशीनच न्हाय म्हणतंया."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. याचे कारण माझा आजा. तो तराळकी करायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. पण त्याचा अंगठा कधी कुणी नाकारला नाही. सावकाराच्या कागदावर शाई लावून अंगठा उठवला की तो तत्काळ ग्राह्य धरला जाई. कागदात काय लिहिले आहे ते वाचून दाखवण्याची तसदी कुणी घेत नसे. आज्याच्या अंगठ्याने काहीतरी द्यायचे होते, आईच्या अंगठ्याने काहीतरी घ्यायचे आहे. दोन पिढ्यांत एवढा फरक पडला.

मला या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळातला मुळातला मानवी हक्क म्हणजे नोंदीला उत्तर देण्याचा हक्क. माझ्याविषयी काय लिहून ठेवले आहे, ते कुणी लिहिले, त्यावरून माझ्याबद्दल काय ठरवले, हे विचारण्याचा आणि चुकीचे असेल ते खोडून काढण्याचा हक्क. हा हक्क आपल्या चळवळीला नवा नाही. दलित साहित्य जन्माला आले तेच मुळी दुसऱ्यांनी आपल्याविषयी केलेल्या नोंदीला उत्तर म्हणून.

२

जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानत. शीव कोणत्या ओढ्याने जाते, कोणता धोंडा कुणाच्या हद्दीत, हे त्याला ठाऊक असे. तराळ टपाल पोचवी, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावे, गावात कोण आले आणि कोण गेले याची खबर ठेवी, मेलेले ढोर ओढी. साऱ्या गावाची माहिती त्याच्या डोक्यात आणि पायांत होती. दप्तर मात्र कुलकर्ण्याच्या घरी. माहिती महाराची आणि लेखणी कुलकर्ण्याची, अशी ही वाटणी होती. तराळाने सांगितलेले दप्तरात कसे उतरले, हे त्याला कधीच वाचता येणार नाही, याचा बंदोबस्त धर्माने आधीच करून ठेवला होता. ज्याच्याकडे ज्ञान होते तो बलुत्यावर राहिला आणि ज्याच्याकडे कागद होता तो सत्ताधारी झाला. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात. गावच्या कुलकर्ण्याशी झालेल्या वैरातून त्यांच्या पूर्वजांना गाव सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. निरक्षर शेतकरी कागदावर कसा नागवला जातो, हे जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून उघड केले. लेखणीची सत्ता ही तलवारीच्या सत्तेहून टिकाऊ असते, हे त्यांना फार लवकर उमगले होते.

आता नव्या यंत्राकडे पाहू. ते विचार करते म्हणजे काय करते? त्याला कोट्यवधी जुन्या नोंदी दाखवल्या जातात. पूर्वी कशापाठोपाठ काय आले, कुणाला काय मिळाले, कुणाला काय नाकारले गेले, याची वळणे ते त्यांतून उचलते आणि नव्या माणसाविषयी अदमास बांधते. अदमास हा शब्द ध्यानात ठेवला पाहिजे. रेशनच्या दुकानातली जुळणीदेखील अदमासच असते. ठसा ठरावीक मर्यादेइतका जुळला तर होय, त्याखाली राहिला तर नाही. ही मर्यादा कुणीतरी माणसानेच ठरवलेली असते. दुकानदार मात्र 'मशीन न्हाय म्हणतंया' एवढेच सांगतो, आणि निर्णय घेणारा माणूस दिसेनासा होतो. कुलकर्णी निदान गावात राहत होता. त्याच्या ओट्यापाशी, दूर का होईना, उभे राहून गाऱ्हाणे घालता येत होते. नव्या कुलकर्ण्याचा वाडा कुठे आहे?

आपल्या महाराष्ट्रात या नव्या दप्तराची सुरुवात कुठे झाली, हेही पाहण्यासारखे आहे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वाटले गेले. पहिली नोंद सर्वांत दुबळ्याची घ्यायची, हा संकेत जुनाच. पुढे रेशन, पेन्शन, रोजगार हमी, शिष्यवृत्ती अशा गोष्टी या नोंदींशी जोडल्या गेल्या, आणि नोंदी एकमेकींशी जोडून 'अपात्र' माणूस शोधण्याचे काम यंत्राकडे जाऊ लागले. शेजारच्या तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची अशी व्यवस्था आहे. एका विधवेच्या रिक्षा ओढणाऱ्या मयत नवऱ्याच्या नावावर, नावातील साधर्म्यामुळे, दुसऱ्याच कुणाची मोटार चढली आणि तिचे रेशन बंद झाले, हे पत्रकारांनी २०२४ मध्ये उजेडात आणले. त्या राज्यात २०१४ नंतरच्या काही वर्षांत १८ लाखांहून अधिक रेशनकार्डे रद्द झाली होती. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला.

हे केवळ आपल्या मागासलेपणामुळे घडते, असे कुणी समजू नये. नेदरलँड्ससारख्या सधन देशात मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत लबाडी शोधण्याचे काम अशाच यंत्रणेकडे दिले होते. हजारो निरपराध कुटुंबे लबाड ठरली, कर्जात बुडाली. त्यांत परदेशी मूळ असलेल्यांचा भरणा मोठा होता. त्यापायी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. प्रत्येक समाजाचे यंत्र त्या समाजाच्या पूर्वग्रहातून संशयित निवडते. तिथे ते वर्ण आणि वंश पाहते. इथे ते काय पाहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

३

यावर आमचेच काही तरुण मित्र म्हणतात, "सर, यंत्राला जात नसते." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या वर्गात वाडीवरची एक मुलगी आहे. ती रात्री फोनवरच्या यंत्राशी इंग्रजीत बोलण्याचा सराव करते. चूक झाली तर ते हसत नाही, आडनाव विचारून चेहरा बदलत नाही, पुन्हा विचारले तर कंटाळत नाही. मला असा शिक्षक शाळेत मिळाला असता तर माझी काही वर्षे वाचली असती. यंत्र विटाळ मानत नाही ही गोष्ट ज्याच्या वाट्याला विटाळ आला त्याला छोटी वाटत नाही.

म्हणूनच यंत्राला सरसकट शिव्या घालणे ही आपली परंपरा नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा पंचनामा करणारा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी चरख्याकडे परत जाण्याचा मार्ग स्पष्टपणे नाकारला. माणसाला फुरसत मिळाल्याखेरीज संस्कृती शक्य नाही आणि फुरसत यंत्राखेरीज शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्रामुळे होणारे अनर्थ यंत्राचे नसून ज्या समाजरचनेत ते वापरले जाते तिचे आहेत, म्हणून बदलायची ती समाजरचना, असे त्यांनी बजावले. ज्याच्या बापजाद्यांनी डोक्यावरून मैला वाहिला त्याला यंत्रविरोधाची चैन परवडणारी नाही.

पण यंत्राला जात नसते, या वाक्याची परीक्षा इतिहासाने एकदा घेतलेली आहे. मुंबईच्या कापडगिरण्या हे त्या काळचे सर्वांत नवे यंत्र होते. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून हजारो माणसे तिकडे गेली. माग फिरताना जात पाहत नव्हता. तरीही विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो, अशी सवर्ण कामगारांची तक्रार होती. विणकामाची मजुरी जास्त होती, हे वेगळे सांगायला नको. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावट्याच्या सावलीतही तो सहजी सुटला नाही. जात मागात नव्हती, पण माग चालवणाऱ्या माणसांच्या तोंडातून ती धाग्यापर्यंत पोचली आणि गिरणीत खाते धरून बसली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा धागासुद्धा माणसांच्याच तोंडून आणि लेखणीतून आलेला आहे.

यंत्र कुठे आधी येते आणि कुठे नंतर, हे पाहिले तरी समाजरचना कळते. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा सुधारित कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात उतरणारे यंत्र तयार झाले त्यालाही आता काही वर्षे झाली. तरी गटारात माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात. ती कोणत्या जातींची असतात हे साऱ्या देशाला माहीत आहे. मात्र झाडू मारणाऱ्या कामगाराच्या मनगटावर त्याचा ठावठिकाणा टिपणारे घड्याळ बांधायला विलंब लागला नाही. नागपूर, पंचकुला, चंदीगड येथील महापालिकांनी ही घड्याळे सफाई कामगारांना बांधली. नेमून दिलेल्या टापूबाहेर पाऊल पडले तर मजुरी कापली जाण्याची भीती. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी माणूसपणाची दीक्षा घेतली, त्याच शहरातली ही गोष्ट. माझ्या आज्याच्या काठीला घुंगरू होते. ते वाजले की तराळ आल्याचे गावाला कळे. आज त्या घुंगराचे काम मनगटावरचे घड्याळ करते आणि ते थेट साहेबाच्या टेबलावर वाजते. त्या शहरांतल्या किती साहेबांच्या मनगटावर असे घड्याळ आहे?

४

नोंदीचा प्रश्न सर्वांत भयानक रूप घेतो तो भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्हा ठरवला. १९११ च्या कायद्याने या जमातींतील नोंदल्या गेलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची विद्या आपल्या देशात कुणावर आजमावली गेली, हे आज अंगठा टेकवताना आपण विसरतो. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, रोजची हजेरी, गाव सोडायला परवाना, हे सारे एका नोंदवहीच्या बळावर चालत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि जुना संशय नवे नाव घेऊन ठाण्यात बसून राहिला. गावात चोरी झाली की आजही पहिली गाडी पारध्यांच्या पालाकडे वळते, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. हा निकाल महत्त्वाचा आहे. पण स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी तो द्यावा लागला, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

त्याच २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलिसांच्या कामासाठी 'मार्व्हल' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र संस्था नागपुरात उभी केली. नागपूरची आयआयएम त्यात भागीदार आहे. गुन्ह्याचा तपास वेगाने व्हावा याला कुणाचा विरोध असणार? अत्याचाराच्या खटल्यांचा तपास वेगाने झाला तर आपल्याला हवेच आहे. पण गुन्ह्यांच्या नोंदी आणि पोलिसांनी लिहिलेल्या नोंदी या दोन भिन्न गोष्टी आहेत. वस्तीवर दहा वेळा धाड पडली तर वस्तीच्या नावावर दहा नोंदी होतात. बंगल्यात कुणी जातच नाही, म्हणून बंगल्याच्या नावावर नोंद नसते. या नोंदी यंत्राला शिकवल्या तर ते प्रामाणिकपणे सांगेल की वस्ती धोकादायक आहे. मग वस्तीवर अकरावी धाड पडेल आणि यंत्राचा अदमास खरा ठरेल. पूर्वी जमादाराचा संशय होता, त्याला निदान संशय म्हणता येत होते. आता त्यालाच शास्त्र म्हटले जाईल. म्हणून अशा यंत्राला कोणत्या वर्षांच्या, कोणत्या प्रकारच्या नोंदी शिकवल्या आणि त्यातून विमुक्तांविषयीचा जुना संशय गाळला की नाही, हे जाहीर करण्याची मागणी आपण केली पाहिजे.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले. त्यातला कैकाडी माणूस आमच्या माणच्या शेजारच्या फलटण मुलखातला. ते आले नसते तर या जमातींविषयी मराठीत काय उरले असते? पोलीस ठाण्यातली नोंदवही, आणि बऱ्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दारे लावून घेण्याचा सल्ला. 'उपरा'ने त्या नोंदवहीसमोर दुसरी नोंद ठेवली. साहित्याचे मूल्यमापन करताना आपण शैली आणि आकृतिबंध यांविषयी पुष्कळ बोलतो. पण दलित आत्मकथन ही आरोपीने स्वतःच्या हाताने लिहिलेली जबानी आहे, आणि तिचे वाङ्मयीन सामर्थ्यही त्यातच आहे, हे समीक्षेने पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

५

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे भाषा आणि साहित्याकडे येतो. माणदेश मराठी वाचकाला माहीत झाला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मुळे. १९४९ सालचे हे पुस्तक. माडगूळकरांची नजर स्वच्छ आहे, भाषा नितळ आहे, आणि त्यांनी रामोशी, महार, चांभार यांची चित्रे काढली ती कळवळ्याने काढली, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्या चित्रांतला माणूस सोसतो, हसतो, रडतो. तो लेखकाला उलट प्रश्न विचारत नाही. उलट प्रश्न विचारणारा माणूस याच माणदेशातून, आटपाडीतून आला. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. औंध संस्थानातल्या एका गावच्या तराळाच्या घरातला मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो, हा त्याचा बाहेरचा आलेख. त्याहून मोठी गोष्ट ही की ज्या तराळाची साक्ष कुलकर्ण्याने लिहून घ्यायची, त्याच्या मुलाने इथे दप्तर स्वतःकडे घेतले.

गेल्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गात 'तराळ-अंतराळ' शिकवताना मी मुलांना एक प्रयोग करायला सांगितला. फोनवरच्या एका यंत्राला म्हणावे, माणदेशातल्या तराळावर मराठीत कथा लिही. काही क्षणांत कथा आली. व्याकरण निर्दोष होते. तांबूस संध्याकाळ होती, भेगाळलेली जमीन होती, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा प्रेमळ म्हातारा होता. गावासाठी तो रात्रभर जागायचा, गावही त्याच्यावर माया करायचे, आणि शेवटी गावाला आशीर्वाद देत तो डोळे मिटायचा. शिळी भाकरी नव्हती, मेलेले ढोर नव्हते, लांबून घातलेली हाळी नव्हती. १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा नव्हता. वतन सोडा म्हणून बाबासाहेबांनी दिलेली हाक नव्हती. मुले गप्प होती. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, ह्या तराळाला राग कसा काय येत न्हाय?"

इतकी नेमकी समीक्षा मी अनेक प्रबंधांत वाचलेली नाही. यंत्राने राग का गाळला? कारण ते ज्या मराठीवर शिकले त्या मराठीत तराळाविषयी दया भरपूर आहे, तराळाचा राग थोडा आहे. मराठीत छापलेल्या मजकुराचा फार मोठा भाग ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचा आहे. 'मूकनायक' निघाला १९२० मध्ये. पहिले दलित साहित्य संमेलन भरले १९५८ मध्ये. दया पवारांचे 'बलुतं' आले १९७८ मध्ये. शेकडो वर्षांच्या दप्तरासमोर आपली पाने मोजकी आहेत, आणि त्यांतलीही कितीतरी नियतकालिके ग्रंथालयांच्या माळ्यावर वाळवी खात पडली आहेत. यंत्र बहुमताने शिकते. बहुमताने शिकणाऱ्याला अल्पमताचा राग म्हणजे चूक वाटते आणि ते ती मुकाट्याने दुरुस्त करते.

ही दुरुस्ती कुठवर जाऊ शकते याचे उदाहरण २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने छापले. एका दलित अभ्यासकाने आपल्या अर्जाचे इंग्रजी सुधारण्यासाठी तो चॅटजीपीटीला दिला, तर त्याचे आडनाव बदलून 'शर्मा' होऊन आले. त्याने तसे सांगितले नव्हते. विद्वत्तेचा अर्ज आहे म्हणजे आडनाव शर्मा असणार, असा यंत्राचा अदमास. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ मध्ये आला. त्यातल्या नायकाला रेल्वेच्या नोकरीवर असताना निवाऱ्यासाठी जात लपवावी लागते आणि ती उघड झाल्यावर मार खावा लागतो. तो जात चोरतो तेव्हा निदान त्याला माहीत असते की आपण काय करतो आहोत आणि का. त्या चोरीतच समाजावर आरोप आहे. नवे यंत्र माणसाला न विचारता त्याची जात चोरते आणि तिच्या जागी बरी जात बसवून देते. यावर कुणाला मार पडत नाही, कुणाचे रक्त निघत नाही, म्हणून हा अन्याय नव्हे असे ज्यांना वाटते, त्यांना आपल्या नावाने ओळखले जाणे म्हणजे काय हे कधी कळलेले नाही.

६

मग करायचे काय? निषेधाचा ठराव करून घरी जाणे सोपे आहे. मला तीन गोष्टी सुचतात. त्या मोठ्या नाहीत, पण माण तालुक्यातही करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट लेखी कारणाची. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे न्यायाचे साधे तत्त्व आहे. त्याला यंत्राचा अपवाद असता कामा नये. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, नोकरी, अटक, यांपैकी कशातही यंत्राने नकार दिला तर तो नकार एका जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने, मराठीत, कारणासह मिळाला पाहिजे आणि त्यावर दाद मागता आली पाहिजे. कारण विचारण्याची वाट आज आणखी अरुंद होते आहे, याकडेही लक्ष हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा मार्ग मोकळा ठेवला, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. खाजगीपणाचे नाव घेऊन साहेबाची माहिती झाकली जाणार असेल आणि आईचा अंगठा मात्र रोज मागितला जाणार असेल, तर हा खाजगीपणा कुणाचा?

दुसरी गोष्ट जनसुनावणीची. यंत्र बरोबर चालते की नाही हे ते विकणाऱ्या कंपनीने सांगायचे, ही पद्धत मान्य करू नये. ज्यांच्यावर ते चालते त्यांना ग्रामसभेत, वस्तीत, कामगारांच्या मेळाव्यात बोलू द्यावे. ज्याच्या मनगटावर घड्याळ बांधले त्याला विचारावे.

तिसरी गोष्ट आपल्या दप्तराची. आपली जुनी नियतकालिके, पत्रके, जलशांची बाडे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, माणदेशी बोली, हे सारे गोळा करून जतन केले पाहिजे. मात्र ते आयते कंपन्यांच्या तोंडी द्यायचे की कसे, कोणत्या अटींवर द्यायचे, याचा निर्णय आपल्या संस्थांनी विचारपूर्वक घ्यावा. शिवेची साक्ष एकदा फुकट देऊन झाली आहे.

आमच्या मुलांनी एक दोनशेपानी वही घातली आहे. वाड्यावस्त्यांवर जाऊन ती लिहून घेतात : कुठल्या तारखेला, कुठल्या गावी, कुणाला, कशासाठी यंत्राने नकार दिला, आणि माणसाने त्यावर काय सांगितले. नावे उघड करायची नाहीत असा नियम त्यांनीच केला. पहिली नोंद माझ्या आईची आहे. ही वही घेऊन आम्ही तहसीलदारांकडे जाणार आहोत. फार मोठा निकाल लागेल अशा भ्रमात मी नाही. पण अशा वह्या दर तालुक्यात निघाल्या, तर पुढच्या परिसंवादात 'मानवा'ऐवजी माणसाविषयी बोलावे लागेल.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, विद्यार्थी आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. यंत्र 'नाही' म्हणेल तेव्हा ते 'नाही' लिहून ठेवा, खाली तारीख घाला, आणि कारण लेखी मागा.